घडी

रविवारी रात्री आठला मी गोळ्यांचा ट्रे बाजूला ठेवते.
अलाबामातल्या या वृद्धाश्रमात
आठ ते नऊ कुणी मरत नाही,
असं आम्ही रात्रपाळीवाल्या म्हणतो.
त्या वेळात ती मालिका असते.

आज यान उतरलं एकोणीसशे त्रेसष्टात.
पीचच्या कोयीसारखं, सुरकुतलेलं, तांब्याच्या रंगाचं,
एका औषधाच्या दुकानामागच्या बोळात.
आत काउंटर, फिरती स्टुलं,
स्टुलावर पिवळ्या झग्यातली काळी मुलगी,
तिच्यापुढे रिकामा कप, मागे गर्दी.
आणि गर्दीत आपले प्रवासी, तिसाव्या शतकातले,
मनगटावर अख्खं शहर गोठवायचं बटण
आणि डोक्यात एकच नियम:
झालेल्यात ढवळाढवळ करायची नाही.
हाताची घडी, तोंडावर बोट.

कप्तानाच्या डोळ्यातून एक थेंब ओघळला.
कॅमेरा त्या थेंबाच्या इतका जवळ गेला
की मुलगी दिसेनाशी झाली.

विनिफ्रेडबाई, निवृत्त शिक्षिका, रुमाल शोधत म्हणाल्या,
शाळाशाळांतून दाखवायला हवं हे.
त्यांचा जावई फोनमधून मान वर न काढता:
आज परग्रहावरचं कुणीच कसं नाही?
स्वयंपाकघरातला क्विन्सी, वय एकोणीस,
ओला फडका खांद्यावर टाकून उभा,
म्हणाला, मी असतो ना तिथं, तर एकेकाला...

'तुला पहिल्याच संध्याकाळी घरी धाडलं असतं,'
ओडेसाबाई म्हणाल्या.
'चर्चच्या तळघरात परीक्षा असायची बसण्याची.
आम्हीच एकमेकींच्या कानात ओरडायचो,
वेण्या ओढायचो, शिव्या द्यायचो.
ज्यानं हात उगारला तो नापास.
आणि पिवळा झगा? कोण घालेल?
गडद निळे घातले होते, विचार करून.
डाग पडणार हे ठाऊक होतं.
केचप तर नव्हतंच. मोहरी होती.
डोळ्यांत गेली की रडावंच लागतं,
मग त्यांना वाटतं, आपल्यामुळे रडली.'

पडद्यावर पाऊस लागला, व्हायोलिन लागलं.
'पाऊसही नव्हता,' त्या म्हणाल्या. 'ऊन होतं.
पंखा होता, पण आमच्याकडे वळवलेला नव्हता.'

मग कप्तान म्हणाला, खर्जात,
आम्ही फक्त साक्षीदार आहोत.
आणि ओडेसाबाई हसल्या.
खोकला लागेपर्यंत हसल्या, मी पाणी दिलं.
'अगं, त्यासाठी हजार वर्षं ओलांडून
कशाला यायचं एवढ्या लांब?
आमच्या मागे चाळीस जण तेच करत होते.
पलीकडच्या गल्लीतून आले होते. चालत.'

मी हैतीची. ही गोष्ट माझी नाही.
मी रिकामे पेले उचलले.
पुढच्या रविवारी यान शनीच्या कड्यांत जाणार,
अशी जाहिरात लागली. जावई खूश झाला.

हॉलिस मॅकएल्रॉय संध्याकाळभर काहीच बोलले नव्हते.
गोरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, याच गावात जन्मलेले.
कानातलं यंत्र त्यांनी काढून
मुठीत धरलं होतं, पाखराचं पिल्लू धरावं तसं.
साडेदहाला गोळी द्यायला गेले तेव्हा विचारलं त्यांनी,
'मिरलांद, त्या दुकानाच्या मागच्या दारात
बर्फाची पेटी घेतलेला एक पोरगा होता का?
सोळाएक वर्षांचा?'

मी आठवून पाहिलं.
'नव्हता,' म्हणाले.

'होता,' ते म्हणाले.
'पेटी खाली ठेवायला हवी होती त्यानं.
निदान पेटी. सगळा बर्फ गेला बुटांत.'

गोळी तळहातावर तशीच.
समोरच्या खोलीत ओडेसाबाईंचा दिवा चालू होता,
त्या उशिरापर्यंत शब्दकोडं सोडवतात.
मधे आठ पावलांचा कॉरिडॉर, मेणानं पुसलेला.

आमच्याकडे नियम आहे,
रात्री दोन्ही बाजूंची दारं लोटून घ्यायची.
मी लोटली नाहीत.